नळ स्टॉपला उतरणारा प्रेक्षक

दामले-फत्तेलालांनी १९३६ साली एरंडवण्याच्या स्टुडिओत 'संत तुकाराम' उभा केला, तेव्हा पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही पुण्याबाहेरची साधी खेडी होती आणि देहू त्यांच्याही पलीकडे, इंद्रायणीच्या काठी. पुढच्याच वर्षी हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गेला आणि तिथे त्याचा गौरव झाला. शांताराम आठवल्यांनी त्यासाठी लिहिलेले एक पद तुकोबांच्या वळणाशी इतके एकरूप झाले, की पुढे कित्येकांनी तो तुकारामांचाच अभंग समजून म्हटला. १९४० साली त्यांच्याच प्रभात फिल्म कंपनीने 'संत ज्ञानेश्वर' काढला. आळंदीही त्याच नदीवरची. आज या दोन्ही संतांच्या गावांभोवती पिंपरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांचा पट्टा पसरला आहे. ज्या मातीतल्या संतांनी मराठी सिनेमाला जगाच्या नकाशावर नेले, त्या मातीत राहणाऱ्या माणसाला असे चित्रपट मोठ्या पडद्यावर, चार जाणत्यांबरोबर बसून पाहायचे तर पिढ्यानपिढ्या पुण्याचीच वाट धरावी लागली. त्या वाटेचा आणि ती जिथे पोचते त्या जागेचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

ती जागा म्हणजे लॉ कॉलेज रोड आणि त्याचा परिसर. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्यात आली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे पाच मालक. शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत त्यांनी कलागृह, प्रयोगशाळा, तळे, झाडी असे सगळे एका आवारात उभे केले. शेजारच्या रस्त्याला पुढे 'प्रभात'चेच नाव मिळाले. अप्पा बळवंत चौकाजवळ किबे कुटुंबाच्या वास्तूत 'प्रभात' चित्रपटगृह १९३४ मध्ये सुरू झाले. भागीदार फुटले, काळ बदलला आणि पन्नाशीच्या दशकात कंपनी बंद पडली. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था हवी अशी शिफारस केली होती. ती १९६० साली प्रत्यक्षात आली आणि 'प्रभात'च्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. चित्रपट जिथे बनत होते, तिथेच आता ते शिकवले जाऊ लागले. मुंबईत भरभराटीला आलेला धंदा असताना संस्था पुण्यात आली, याचे कारण ही रिकामी पडलेली वास्तू होती. पुण्याचे आणि पर्यायाने पिंपरी-चिंचवडचे ते भाग्यच म्हटले पाहिजे.

शिकवायचे तर दाखवायला चित्रपट हवेत, आणि चित्रपट तर नष्ट होत होते. पूर्वीची फिल्म नायट्रेटची असे. ती भडकन पेट घेई, दमट हवेत चिकट होऊन कुजे. त्यातून तिच्यावरच्या थरात चांदी असल्याने खेळ संपलेली रिळे भंगारात विकली जात. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, असाच कायमचा गेला. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक 'सावकारी पाश' गेला. आज पाहायला मिळतो तो त्यांनीच १९३६ साली पुन्हा केलेला बोलपट. भारतात सतराशेच्या आसपास मूकपट बनले असे मानतात. त्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आज बऱ्यापैकी पूर्ण स्वरूपात शिल्लक आहेत. फेब्रुवारी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेव्हा निम्म्याहून अधिक घर आधीच जळून गेले होते.

उरलेले वाचवण्याचे काम एका माणसाने अंगावर घेतले. परमेश कृष्णन नायर, म्हणजे सगळ्यांचे नायरसाहेब, मूळचे तिरुवनंतपुरमचे. चित्रपट दिग्दर्शक व्हायला ते मुंबईत आले, तिथल्या मोठ्या दिग्दर्शकांच्या हाताखाली काही काळ वावरले, १९६१ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन साहाय्यक झाले आणि १९६५ मध्ये संग्रहालयात गेले. १९८२ मध्ये ते संचालक झाले आणि १९९१ मध्ये निवृत्त. जुन्या निर्मात्यांची घरे, बंद पडलेले स्टुडिओ, गोदामे असे ते देशभर हिंडले. दादासाहेब फाळके यांच्या कुटुंबीयांकडून त्यांनी 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळे मिळवली. 'कालिया मर्दन' (१९१९) हा फाळक्यांचा चित्रपट त्यांच्यामुळेच आज आपल्याला पाहता येतो. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी त्यात बालकृष्ण झाली आहे. नायर निवृत्त झाले तोवर संग्रहात सुमारे १२ हजार चित्रपट जमले होते आणि त्यांत आठ हजारांच्या आसपास भारतीय होते. १९६९ साली संग्रहालय चित्रपट-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे सदस्य झाले. त्यामुळे परदेशी संग्रहांशी देवाणघेवाणीचा रस्ता खुला झाला, आणि कुरोसावा, बर्गमन, आयझेनस्टाइन ही नावे पुण्याच्या पडद्यावर आली.

नायरांचे मोठेपण केवळ साठवण्यात नव्हते. पुष्कळ संग्राहक आपला ठेवा कुलपात ठेवतात. नायरांना चित्रपट दाखवायचे होते. रात्री उशिरा एखाद्या विद्यार्थ्याला एखादे रीळ पुन्हा पाहायचे असले तरी ते दार उघडत, आणि स्वतः अंधारात बसून वहीत टिपणे घेत. कोणत्या चित्रपटातला कोणता प्रसंग कितव्या रिळात आहे हे त्यांना तोंडपाठ असे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी त्यांच्यावर केलेला 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) हा माहितीपट राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. ४ मार्च २०१६ रोजी नायर पुण्यातच वारले. एखाद्या शहराच्या सांस्कृतिक इतिहासात एका सरकारी नोकराला इतके मोठे स्थान मिळाल्याची उदाहरणे फार थोडी. ते त्यांनी पूर्णपणे कमावलेले होते.

पण संग्रहालय आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट लागते. ती म्हणजे फिल्म सोसायटी. ही कल्पना १९२५ साली लंडनमध्ये रुजली. धंदेवाईक चित्रपटगृहे जे दाखवत नाहीत, किंवा सेन्सॉर जे दाखवू देत नाही, ते सभासदांनी वर्गणी काढून स्वतःसाठी दाखवायचे. मुंबईत चाळिशीच्या दशकाच्या आधीपासून अशी मंडळे होती. कोलकात्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, आणि 'बायसिकल थीव्हज'सारखे युद्धोत्तर इटलीचे चित्रपट पाहून इथल्या कित्येकांचे डोळे उघडले. चित्रपट कलागृहाबाहेर, रस्त्यावर, साध्या माणसांना घेऊनही होतो हे त्यांनी पडद्यावर पाहिले. १३ डिसेंबर १९५९ रोजी देशातल्या निरनिराळ्या सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. राय त्याचे अध्यक्ष होते. महासंघाचा कारभार सांभाळणाऱ्यांत विजया मुळे ही मुंबईत जन्मलेली मराठी बाई आघाडीवर होती. पाटण्यात त्यांनी फिल्म सोसायटीचे काम केले, दिल्लीत नवी सोसायटी उभी केली आणि पुढे १९७४ मध्ये 'एक अनेक और एकता' हा बोधपट केला, जो दूरदर्शनवर पाहून एक अख्खी पिढी वाढली. या चळवळीत मराठी माणसाचा वाटा सांगताना विजयाबाईंचे नाव पहिल्या ओळीत यायला हवे, आणि ते फार क्वचित येते.

सोसायटीचा खेळ कसा चाले हे आजच्या मोबाइलवरच्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागते. तिथे तिकीट नसे. वर्षाची वर्गणी भरून सभासद व्हायचे, महिन्याच्या खेळांचे पत्रक पोस्टाने घरी यायचे. खेळ फक्त सभासदांसाठी, म्हणून परदेशी चित्रपटांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट मिळे. या सवलतीमुळे काही मंडळी केवळ न कापलेली दृश्ये पाहायला आली हे खरे आहे. त्यांतली काही पुढे चित्रपटासाठी टिकली हेही तितकेच खरे. चित्रपट बहुधा १६ मिलिमीटरचे असत. परदेशी वकिलाती, मॅक्सम्युलर भवन, आलियाँस फ्रॉन्सेज आणि पुण्याच्या संग्रहालयाचे वितरण ग्रंथालय यांच्याकडून ते उसने मिळत. पत्र्याच्या डब्यांतली रिळे रेल्वे पार्सलने गावोगाव फिरत, आणि एका गावाहून ती वेळेत निघाली नाहीत की पुढच्या गावचा खेळ बोंबलत असे. ३५ मिलिमीटरचे दोन हजार फुटांचे रीळ सुमारे बावीस मिनिटे चालते. दोन प्रोजेक्टर असतील तर पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की ऑपरेटर दुसरे यंत्र सुरू करी आणि प्रेक्षकाला रीळ बदलल्याचे कळतही नसे. १६ मिलिमीटरचा एकच प्रोजेक्टर असला की मात्र दिवे लागत, माणसे पाय मोकळे करत, आणि अर्ध्या चित्रपटावरच वाद पेटे. त्या सक्तीच्या विश्रांतीत कितीतरी ओळखी झाल्या.

पाहिलेल्या चित्रपटावर बोलायचे कसे, हे शिकवणारा माणूस पुण्याला सतीश बहादूर यांच्या रूपाने मिळाला. आग्र्यात त्यांनी फिल्म सोसायटी चालवली होती. १९६३ साली ते फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वादाचे प्राध्यापक झाले. मारी सीटन ही इंग्रज लेखिका १९५५ पासून भारतभर फिरून चित्रपट कसा पाहावा यावर व्याख्याने देत होती. सीटन यांची व्याख्याने आणि बहादूर यांचे अध्यापन यांतून १९६७ मध्ये पुण्यात चित्रपट रसास्वादाचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे तो दर उन्हाळ्यातला महिन्याभराचा वर्ग म्हणून स्थिरावला. त्यात शिक्षक येत, बँकेतले कारकून येत, पत्रकार, डॉक्टर, गृहिणी येत. सकाळी व्याख्यान, दुपारी चित्रपट, संध्याकाळी आणखी चित्रपट, असे भरगच्च वेळापत्रक असे. बहादूर 'पथेर पांचाली'चा एकेक प्रसंग सुटा करून दाखवत: कॅमेरा कुठे आहे, आवाज कधी येतो, पुढचे दृश्य आधीच्याशी कसे जोडले आहे. त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेल्या माणसाला चित्रपट पुन्हा पूर्वीसारखा दिसत नसे. १९७० च्या दशकात बहादूर आणि नायर यांनी हेच काम कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यात नेले. तिथे के. व्ही. सुब्बण्णांच्या 'नीनासम'ने शेतकऱ्यांना 'राशोमोन' आणि 'बायसिकल थीव्हज' दाखवले, आणि त्यांनी ते जाणतेपणाने पाहिले. गंभीर चित्रपट शहरातल्या शिकलेल्यांनाच कळतो, हा समज तिथे मोडून पडला. पिंपरी-चिंचवडच्या कामगारांबद्दलही असाच समज पुण्यात बराच काळ होता, म्हणून हे उदाहरण इथे महत्त्वाचे.

मराठी भाषेत ही चळवळ सर्वांत घट्ट रुजली ती मुंबईच्या प्रभात चित्र मंडळामुळे. १९६८ साली स्थापन झालेल्या या मंडळाने नाव घेतले तेही पुण्याच्या 'प्रभात'चे. सुधीर नांदगावकरांनी हे मंडळ चालवताना 'वास्तव रूपवाणी' हे चित्रपटाला वाहिलेले मराठी नियतकालिक जोपासले. महासंघाचे काम करताना गावोगाव नव्या सोसायट्या निघाव्यात म्हणून ते झटले. चित्रपटावर मराठीत गांभीर्याने लिहिता येते हे अशा नियतकालिकांनी आणि अरुण खोपकरांसारख्या लेखकांनी सिद्ध केले. खोपकर पुण्याच्या इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. त्यांच्या 'गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका' या पुस्तकाला चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्यात ऐंशीच्या दशकात सतीश जकातदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आशय फिल्म क्लब' सुरू केला. संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात 'आशय'चे खेळ नियमित होऊ लागले, आणि पुण्यातल्या सामान्य नोकरदार प्रेक्षकाला लॉ कॉलेज रोडचा रस्ता ठाऊक झाला.

आता नदीपलीकडच्या, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या प्रेक्षकाकडे वळायला हवे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड पाडले, आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को आली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर, केरळ, उत्तर प्रदेश अशा सगळीकडून माणसे येऊन वसली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली. या वसाहतींत सिनेमा मुळीच नव्हता असे नाही. गणेशोत्सवात चौकात पांढरा पडदा ताणून १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर चित्रपट दाखवण्याची पुण्याकडची रीत इथेही आली. रस्त्यावर चटया टाकून दोन्ही बाजूंनी लोक बसत. मागच्या बाजूच्यांना अक्षरे उलटी दिसत, पण त्यांना त्याची पर्वा नसे. पिंपरीत 'विशाल', चिंचवडला 'जयश्री' अशी चित्रपटगृहे होती. तिथे चालू हिंदी-मराठी चित्रपट लागत.

जुने चित्रपट पाहायची सोय म्हणजे मॅटिनी. पुण्यात सकाळच्या आणि दुपारी बाराच्या खेळांना कमी दरात जुने हिंदी, मराठी आणि इंग्रजी चित्रपट पुन्हा लागत. टिळक चौकातले 'अलका', कॅम्पातले 'वेस्ट एंड', गणेशखिंड रस्त्यावरचे 'राहुल' ही इंग्रजी चित्रपटांची ठिकाणे. परदेशांत जुने चित्रपट फिरवून दाखवणारी जी खास चित्रपटगृहे असतात, त्यांचे काम आपल्याकडे बिनबोभाट मॅटिनीने केले. गुरुदत्त, बिमल रॉय, राजा परांजपे यांचे चित्रपट पुढच्या पिढीने पहिल्यांदा पाहिले ते बहुधा मॅटिनीलाच, आणि पाळीत काम करणाऱ्याला ती वेळ सोयीची होती. दुसरी पाळी असेल तर सकाळ मोकळी, पहिली पाळी असेल तर दुपारनंतर. हे पाळीचे गणित समजल्याशिवाय औद्योगिक शहरातला प्रेक्षक समजत नाही. संध्याकाळी सहाचा खेळ पुण्यातल्या प्राध्यापकाला सोयीचा असतो. पिंपरीच्या दुसऱ्या पाळीतल्या फिटरला तो कधीच मिळत नाही.

११ मार्च १९७८ रोजी पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि हे अंतर थोडे कमी झाले. आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर. शिवाजीनगरला उतरून पुढे बसने किंवा चालत डेक्कन, आणि तिथून लॉ कॉलेज रोड. कोणाची सायकल, कोणाची बजाजची स्कूटर, तीही कदाचित आकुर्डीच्या त्याच कारखान्यात जुळवलेली. जाणे तसे अवघड नव्हते, अवघड होते ते परतणे. तीन तासांचा रशियन चित्रपट असेल तर शेवटची लोकल हुकण्याची धास्ती मनात घेऊनच तो पाहायचा. चित्रपट संपल्यावरची चर्चा, जी या सगळ्या खटाटोपाचा गाभा, ती अर्ध्यात सोडून पिंपरीकडचा माणूस आधी उठायचा. पुण्याच्या चित्रपटसंस्कृतीत नदीपलीकडच्या माणसाचा आवाज कमी ऐकू येतो याचे एक कारण इतके साधे आहे: बोलायची वेळ आली तेव्हा तो घरी निघालेला असे.

व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा घरबसल्या चित्रपट मिळू लागले आणि सोसायट्या ओसरतील असे वाटले. देशातल्या पुष्कळ ठिकाणी त्या ओसरल्याही. पुण्यात मात्र संग्रहालय आणि इन्स्टिट्यूट हे दोन भक्कम आधार होते. २००२ साली डॉ. जब्बार पटेल यांच्या पुढाकाराने पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, लोकांच्या तोंडी 'पिफ', सुरू झाला. 'सामना' (१९७५ च्या बर्लिन महोत्सवातला मराठी चित्रपट), 'सिंहासन', 'उंबरठा' यांच्या दिग्दर्शकाने आयुष्याचा मोठा भाग इतरांचे चित्रपट दाखवण्यात घालवावा, ही फार मोलाची गोष्ट आहे. महोत्सवातल्या मराठी चित्रपटाच्या सर्वोच्च पुरस्काराला 'संत तुकारामां'चे नाव आहे आणि आंतरराष्ट्रीय विभागातल्या पुरस्काराला 'प्रभात'चे. पिफचे एक केंद्र काही वर्षे आकुर्डीच्या जय गणेश व्हिजनमधल्या मल्टिप्लेक्सलाही होते. आकुर्डीच्या पडद्यावर इराणी किंवा पोलिश चित्रपट लागला, आणि निगडी-प्राधिकरणातली माणसे चालत जाऊन पाहून आली. ज्यांनी आयुष्यभर शिवाजीनगरला उतरून असे चित्रपट पाहिले होते, त्यांना ही घटना किती मोठी वाटली असेल हे बाहेरच्याला सहज कळणार नाही.

याच काळात पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून नवी मराठी पिढी बाहेर पडली. उमेश कुलकर्णींचा 'वळू' २००८ चा; त्यानंतर 'विहीर', आणि २०११ चा 'देऊळ', ज्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. उमेश आणि गिरीश कुलकर्णींच्या 'आरभाट'ने चित्रपट बनवण्याबरोबर लघुपट दाखवण्याचे आणि त्यांवर बोलण्याचेही काम हाती घेतले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे 'दोघी'पासूनचे चित्रपट व्यावसायिक वितरणाच्या आधी आणि नंतरही अशाच मंडळांतून, शाळा-कॉलेजांतून, कार्यकर्त्यांच्या बैठकांतून पाहिले गेले. सुमित्राताई १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या. त्यांचा प्रेक्षक मल्टिप्लेक्सने घडवलेला नव्हता. तो एकेका खेळातून, एकेका गप्पांच्या बैठकीतून घडला होता.

या इतिहासात हानीही आहे. जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि 'प्रभात'च्या काही मूळ फिल्मही तिच्यात गेल्या. एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद पडली. खुद्द 'प्रभात' चित्रपटगृहाचा जुना अध्याय २०१४ च्या अखेरीस संपला आणि वास्तू मूळ मालक किबे कुटुंबाकडे परत गेली. मॅटिनी संपली, कारण मल्टिप्लेक्सला दिवसभर नवाच चित्रपट लावायचा असतो. केंद्र सरकारने चित्रपट वारसा जपण्यासाठी सुमारे ५९७ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान हाती घेतले, जुन्या चित्रपटांचे डिजिटल रूपांतर वेगाने सुरू झाले, आणि २०२२ मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. रिळे वाचवण्याचे काम आज पूर्वीपेक्षा चांगल्या साधनांनी होते आहे याचे समाधान आहेच. पण दाखवणे हे साठवण्याइतकेच मोठे काम आहे, ही नायरांची शिकवण कोणत्याही खात्याच्या फेररचनेत मागे पडता कामा नये.

आज कोणीही म्हणेल, की फोनवर सगळे मिळते, मग इतक्या लांब जायचे कशाला? मिळते पुष्कळ, तरी सगळे मिळत नाही. 'कालिया मर्दन' किंवा बाबूराव पेंटरांचा 'मुरलीवाला' सहज समोर येत नाही. आला तरी कोणी सांगितल्याशिवाय तो का पाहायचा हे कळत नाही. आणि मुख्य म्हणजे एकट्याने पाहिलेल्या चित्रपटाबद्दल बोलायला शेजारी कोणी नसते. हेग्गोडूच्या शेतकऱ्यांनी 'राशोमोन' समजून घेतला तो एकत्र बसून, एकमेकांना विचारत. फिल्म सोसायटीचे खरे काम नेहमी हेच राहिले.

६ मार्च २०२२ रोजी पुण्याची मेट्रो धावू लागली. एका मार्गावर वनाज ते गरवारे, दुसऱ्यावर पिंपरीचे पीसीएमसी स्थानक ते फुगेवाडी. १ ऑगस्ट २०२३ पासून दोन्ही मार्ग सिव्हिल कोर्टाला जोडले गेले. म्हणजे पिंपरीत गाडीत बसायचे, कोर्टाला गाडी बदलायची आणि नळ स्टॉपला उतरायचे. तिथून इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय दोन्ही जवळ. साठ वर्षांत पहिल्यांदा पिंपरीचा माणूस घामाघूम न होता, वेळेवर, या भागात पोचू शकतो.

तरीही वाट एकाच दिशेची का असावी? पिंपरी-चिंचवडकडे स्वतःची प्रेक्षागृहे आहेत: चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह, सांगवीचे निळू फुले नाट्यगृह. चित्रपट पुण्यात सांभाळलेले आहेत, ते शिकवणारी माणसे पुण्यात आहेत, आणि आता रिळांचे डबेही उचलून न्यावे लागत नाहीत. महापालिकेने यांतल्या एका सभागृहात आठवड्यातला एक वार ठरवावा, संग्रहालयाशी करार करावा, आणि खेळाची वेळ पाळी सुटण्याच्या वेळेशी जुळवून घ्यावी. खेळानंतर अर्धा तास बोलण्यासाठी राखून ठेवावा, आणि तो संपेपर्यंत घरी जायला बस मिळेल अशी व्यवस्था करावी. पहिला चित्रपट कोणता दाखवायचा हे ठरवायला समिती नेमण्याची गरज नाही. 'संत तुकाराम' लावा, आणि देहूच्या, चाकणच्या, आळंदीच्या माणसांना बोलावणे धाडा.